देवऋषी गेला, त्याच्या जागी कोण आले?

वाचकहो, ज्या दिवशी तुमच्या घराने धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून एका माणसाचे तुमच्याकडे येणे बंद झाले. तो माणूस म्हणजे देवऋषी. घरातील म्हातारी जेवेनाशी झाली, रात्री उठून बडबडू लागली, किंवा भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस पडून राहू लागली, की पूर्वी त्याला बोलावणे जात असे. तो येई, बाजेजवळ बसे, अंगारा लावी, बाहेरची बाधा सांगे, उतारा टाकावयास लावी आणि कोंबड्याची व पैशाची सोय करून घेऊन निघून जाई. त्याने आजार कधी बरा केला नाही. घर मात्र कर्जात घातले. त्याला तुम्ही उंबरठ्याबाहेर ठेवले हे उत्तम केले. अघोरी प्रथा व जादूटोणा यांना महाराष्ट्राच्या कायद्यानेही २०१३ साली गुन्हा ठरविले आहे.

परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. देवऋषी घरी येत असे. जिला ओसरीपर्यंतही चालवत नव्हते, तिच्यापर्यंत तो चालत जात असे. ‘तुला काय होते आहे?’ असे तिला विचारीत असे. त्याचे उत्तर खोटे होते, पण प्रश्न तरी विचारला जात होता. आता तो गेला. त्याच्या जागी कोण आले? पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांकडे पाहून आम्ही हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवीत आहोत. बहुतेक घरांत याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असेच द्यावे लागेल, अशी आमची समजूत आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जे वृद्ध घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्या मनाच्या आजारावर त्यांच्या घरी येऊन उपचार होणे हा त्यांचा हक्क आहे. तो हक्क कायद्याने दिलेला आहे, परंतु मागितल्यावाचून तो कोणाच्या दारी चालत येणार नाही. अंधश्रद्धेची जागा रिकामी करून भागत नाही. त्या जागी ज्ञान आणि सेवा आणून बसवावी लागते. जागा रिकामी राहिली, तर आज ना उद्या देवऋषी मागच्या दाराने परत येईल.

प्रथम या दोन तालुक्यांची स्थिती पाहा. शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे कारखाने उभे राहिले. दौंडकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत आली, साखर कारखाने आले, आणि दौंडचे रेल्वे जंक्शन तर इंग्रजी अमदानीपासूनचे. आपल्या मुलांना यामुळे काम मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांना गावकीच्या कामावाचून दुसरे काम नव्हते, त्यांचे नातू आज यंत्रावर उभे राहून पगार घेतात. परंतु मुलगा पहाटेच्या पाळीला जातो, सून दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला किंवा कारखान्यात जाते, नातवंडे शाळेत जातात, आणि सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत घरात एकच माणूस उरतो. तो माणूस म्हणजे पक्षाघाताने एक बाजू गेलेला आजोबा, किंवा गुडघ्यांनी दगा दिलेली आजी. उशाशी तांब्या आणि झाकून ठेवलेली भाकरी असते. दार बाहेरून ओढून घेतलेले असते. हा तुरुंग नव्हे. पण ज्याला तेथे दिवस काढावा लागतो, त्याला त्यात आणि तुरुंगात फारसा भेद वाटत नसेल.

अशा माणसाच्या मनाला आजार झाला, तर तो कोठे जाईल? महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. येरवड्याचे आपल्या जिल्ह्यात आहे, हे खरे. पण शिरूर किंवा दौंडच्या बाजेवरून तेथपर्यंतचा साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता कोणी तुडवायचा? राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. योजना चांगली आहे. परंतु ज्याला अंगणापर्यंत नेण्यास दोन माणसे लागतात, त्याला मोफत तिकिटाचा उपयोग तो काय? ज्याला चालता येते त्याच्यासाठी आपण रस्ता केला. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी काहीच केले नाही.

‘म्हातारपणी असे व्हायचेच,’ असे तुम्ही म्हणाल. हा समज आपल्या भाषेतच मुरलेला आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही’ असे म्हणून आपण काळ सोकावण्याची चिंता करतो. म्हातारीची कोणी करीत नाही. म्हणींतून आलेली ही तुच्छता जन्मावरून माणसाला हीन ठरविणाऱ्या तुच्छतेचीच धाकटी बहीण आहे. एक जन्मावरून माणसाची किंमत ठरविते, दुसरी वयावरून. पहिलीला तुम्ही नकार दिला. मग दुसरीला घरात का ठेवावे?

वस्तुस्थिती अशी आहे की, मनाचा आजार हा वृद्धत्वाचा अटळ भाग नाही. बहुसंख्य वृद्ध शेवटपर्यंत मनाने धडधाकट असतात. ज्यांना आजार होतो, त्यांचा तो ओळखता येतो आणि पुष्कळांचा उपचाराने बरा किंवा सौम्य होतो. २०१७-१८ साली केंद्र शासनाने देशभर वृद्धत्वाची मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे विचारून तपासले असता साठ वर्षांवरील लोकांपैकी ८.३ टक्के, म्हणजे दर बारा माणसांत एक, नैराश्याच्या आजाराने ग्रस्त असल्याचे त्या पाहणीत आढळले. पण ‘डॉक्टरने मला हा आजार असल्याचे सांगितले आहे’ असे सांगणारे किती निघाले? फक्त ०.८ टक्के. म्हणजे दहा आजाऱ्यांमागे जेमतेम एकाचा आजार डॉक्टरच्या तोंडून उच्चारला गेला. बाकीचे नऊ ‘वयाने असे झाले’ या एका वाक्याखाली झाकले गेले.

तेव्हा घरातील माणसाने निदान तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखावयास शिकले पाहिजे. पहिली गोष्ट नैराश्य. आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, झोप न लागणे, जेवण तुटणे, अंग सतत दुखणे पण तपासणीत काही न निघणे, ‘मी तुमच्यावर ओझे झाले, आता सुटका व्हावी’ असे वारंवार म्हणणे, हे सारे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो हट्ट किंवा नाटक नसून आजार समजावा. सुटकेची भाषा निघाली, तर ती हसण्यावारी नेऊ नये; शेतीचे औषध आणि घरातील गोळ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मदत मागावी. दुसरी गोष्ट स्मृतिभ्रंश. हा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. माणूस प्रथम कालची गोष्ट विसरतो, पुढे घरची वाट, आणि अखेर मुलाचे नाव. हा आजार बरा करणारे औषध अजून निघालेले नाही, परंतु रोग्याचे आणि घराचे हाल कमी करता येतात. तिसरी गोष्ट अचानक झालेला भ्रम, ज्याला आपल्याकडे ‘वातात बडबडणे’ म्हणतात. काल शुद्धीवर असलेला माणूस आज नसत्या माणसांशी बोलू लागला, तर पुष्कळदा ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखाद्या औषधाचा दोष हे कारण असते. त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो. नेमक्या याच आजाराला पूर्वी देवऋषी ‘बाहेरचे’ म्हणत असे, आणि अंगारा लावण्यात गेलेल्या त्या दोन दिवसांत माणूस दगावत असे.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे अवश्य आहे, कारण ती तुमच्यासारख्या नवदीक्षित कुटुंबांचीच आहे. जिने साठ वर्षे पहाटे उठून देवापुढे दिवा लावला, तिच्या हातून दीक्षेच्या दिवशी तो दिवा सुटला. तिने बावीस प्रतिज्ञा मनःपूर्वक म्हटल्या असतील, किंवा मुलांच्या शब्दाखातर म्हटल्या असतील. कसेही असले, तरी तिचा दिवसाचा क्रम बदलला, सण बदलले, शेजारणींशी असलेली ऊठबस बदलली. तुमच्या हाती नवे ग्रंथ आले, विहारातील सभा आल्या. अंथरुणावरील म्हातारीच्या हाती काय आले? ती गप्प झाली, तर ‘हिच्या डोक्यातून जुने गेले नाही’ असे म्हणून तिला टोचू नका. माणसाच्या दिवसाला असलेला आधार काढला की मन खचते. तो श्रद्धेचा दोष नव्हे. त्यावर उपाय म्हणून जुना देव्हारा परत मांडावयाचा नसतो. नवा आधार द्यावयाचा असतो. सायंकाळची वंदना तिच्या बाजेजवळ बसून घ्या. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचून गाणाऱ्या बायकांची ती पिढी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या असल्याच बायकांच्या तोंडून. तुमच्या आजीला ठाऊक असलेली ओवी नातीने वहीत उतरवून घेतली, तर नातीला ज्ञान मिळेल आणि आजीला आपण अजून कोणाला काही देतो हे कळेल. ही भाबडी सूचना नव्हे. मन रमेल असे छोटे काम ठरवून रोज करावयास लावणे, ही नैराश्यावरील उपचाराची शास्त्राने तपासलेली पद्धत आहे.

‘पण घरी येऊन मनाचा उपचार करणारे डॉक्टर आणावयाचे कोठून?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे. मनोविकारतज्ज्ञ शहरांतच थोडे, मग खेड्यांत कोठून येणार? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी साठ वर्षांवरील १८१ लोकांवर एक प्रयोग केला. हे लोक खिन्न होते, पण अजून पुरत्या आजारापर्यंत पोहोचलेले नव्हते. त्यांतील निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी भेटून मदत केली. त्यांनी अडचण कशी सुटी करून सोडवावी हे शिकविले, झोपेची शिस्त लावली, मधुमेहासारख्या जुन्या दुखण्याची काळजी समजावली, आणि सरकारी योजना मिळवून देण्यास हात दिला. वर्षाअखेर या गटात ४.४ टक्के लोकांना नैराश्याचा पुरता आजार झाला. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली, त्यांच्यात १४.४ टक्क्यांना. २०१९ साली हे निष्कर्ष अमेरिकेतील मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले.

गोव्यातच त्याआधी स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांवर प्रयोग झाला होता. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सामान्य शिक्षणाचे कार्यकर्ते सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. रोग बरा झाला नाही. पण रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या बायामाणसांच्या मनाची अवस्था सुधारली. दूर अमेरिकेत सिॲटल येथे १३८ वृद्धांना त्यांच्या घरी जाऊन अशीच मदत देण्यात आली होती. त्यांतील बरेच गरीब व एकाकी होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, घरी भेटी मिळालेल्यांपैकी ४३ टक्क्यांची लक्षणे वर्षभरात निम्म्याने किंवा अधिक घटली. इतरांत हे प्रमाण १५ टक्के होते. आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम ४१ गावांत चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने तो चालविला. तो खास वृद्धांसाठी नव्हता. पण गावातीलच स्त्री-पुरुषांना शिकवून त्यांच्याकडून शेजाऱ्याच्या मनाचे दुःख हलके करविता येते, आणि लागेल तेव्हा त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचविता येते, हे त्याने आदिवासी भागात दाखवून दिले.

आणि शिरूरकरांनी लांब जाण्याचेही कारण नाही. वढू बुद्रुक हे गाव शिरूर तालुक्यातच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे कार्य तेथे गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकापासून चालू झाले, आणि २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघर जाऊन आरोग्याची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वविषयक अभ्यासाचा भाग म्हणून तेथे पन्नाशीपुढील पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना त्यांची प्रकृती व जीवनाचे समाधान यांविषयी विचारण्यात आले. वय वाढते तसे, शिक्षण नाही तेथे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांची अवस्था वाईट, असे आढळले. म्हणजे ज्या म्हातारीविषयी आम्ही बोलत आहोत, तिचीच. सांगावयाचे तात्पर्य असे की, याच तालुक्यात घरोघर जाऊन वृद्धाला ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारता आले. जेथे विचारता येते, तेथे उपचारही पोहोचविता येतो. अशक्य असे येथे काही नाही.

आता हक्काकडे वळू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने प्रत्येक माणसाला शासनाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला आहे. त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शासनाने ज्या सेवा द्यावयाच्या, त्यांच्या यादीत वृद्धांची मानसिक आरोग्यसेवा आहे, आणि रोग्याच्या कुटुंबाला आधार व घरच्या घरी पुनर्वसन हेही आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ पिवळे कार्ड असो वा नसो, ही सेवा विनामूल्य मिळाली पाहिजे. वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्राचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे, त्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जावे, असे ठरलेले आहे. आशाताई तिशीपुढील प्रत्येक माणसाचा जो तपासणी तक्ता भरते, त्यात वृद्धाला चालता येते का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे आठवतात का, असे प्रश्न आहेत. मन उदास राहते का, कशात रस वाटेनासा झाला आहे का, हेही विचारलेले आहे. तुमच्या आजीचा हा तक्ता भरला गेला आहे काय? भरला असल्यास त्यातील उत्तरांवरून पुढे कोणी आले काय? हे दोन प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. श्रावणबाळ योजनेचे मासिक निवृत्तिवेतन २०२३ पासून १५०० रुपये झाले आहे. हातात स्वतःचे चार पैसे असलेल्या वृद्धाचे मन घरात ताठ राहते, म्हणून निवृत्तिवेतन हाही उपचाराचाच भाग समजा. मात्र हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला तहसील कचेरीत किंवा बँकेत उचलून नेण्याची पाळी येऊ नये. तलाठी किंवा बँकेचा माणूस घरी यावा, असा आग्रह धरा.

हे सारे कागदावर आहे. कागद आणि बाज यांमध्ये जे अंतर आहे, ते तुडवावयास कोणीतरी हवे. एकट्या आशाताईकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका. तीही आपल्यासारख्याच घरातील बाई; तिच्यावर कामांचे ओझे मोठे आणि मोबदला तुटपुंजा. तिच्या गळ्यात आणखी एक काम फुकट बांधणे हा न्याय नव्हे. मागणी शासनाकडे केली पाहिजे, आणि ती नेमकी असली पाहिजे. शिरूर आणि दौंड या प्रत्येक तालुक्यात, सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पगारी व प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत. घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांची यादी प्रत्येक उपकेंद्रात असावी. त्या यादीतील प्रत्येकाकडे महिन्यातून निदान एकदा, आणि आजार असेल तेथे पंधरवड्यातून एकदा, माणूस जावा. मनाच्या आजाराची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरपोच मिळावीत. हा ठराव ग्रामसभेत मांडा. पाच वस्त्यांनी मांडला तर तो कागद राहील. पन्नास वस्त्यांनी मांडला तर तो प्रश्न होईल.

‘शिकविलेला कार्यकर्ता म्हणजे तरी नवा देवऋषीच नव्हे काय?’ अशी शंका कोणी काढील. भेद स्पष्ट आहे. देवऋषी कोणाला जबाबदार नव्हता. कार्यकर्त्यावर तज्ज्ञाची देखरेख असते. देवऋषी आपल्याला कळत नाही असे कधी म्हणत नसे. कार्यकर्त्याला जेथे आपली विद्या संपते तेथून रोग्याला डॉक्टरकडे पाठविण्याचेच शिक्षण दिलेले असते. आणि देवऋषीचे फळ कोणी मोजले नाही. कार्यकर्त्याचे मोजून पाहिलेले आहे, ते आकडे वर दिलेच आहेत.

दुसरी शंका आपल्यातीलच सुशिक्षितांची. ‘धम्म मनावर ताबा मिळविण्यास सांगतो, मग औषध आणि समुपदेशक कशाला?’ पाली वाङ्मयात नकुलपिता नावाच्या वृद्ध, आजारी गृहस्थाची कथा आहे. शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ नये, असे भगवंतांनी त्याला सांगितले. पण तो उपदेश कसा मिळाला ते विसरू नका. त्याला तथागतापर्यंत जाता आले, त्यांना आपले दुःख सांगता आले, आणि मग सारिपुत्ताने त्याला जवळ बसवून त्या वचनाचा अर्थ उलगडून दिला. एकट्याने खोलीत पडून मन सावरण्याची अपेक्षा त्याच्याकडूनही केली गेली नाही. ज्याला जाता येत नाही, त्याच्याकडे सारिपुत्तानेच गेले पाहिजे.

शेवटी घरातील न्यायाविषयी बोलले पाहिजे. वृद्धाची शुश्रूषा बहुतेक घरांत सुनेच्या वाट्याला येते. ती मजुरीवरून येते, चूल पेटविते, आणि मग सासूचे अंथरूण बदलते. तिला चीड आली तर तिला वाईट ठरवितात. रडू आले तर नाटकी म्हणतात. रोग्याबरोबर तिचेही मन आजारी पडते, हे गोव्याच्या प्रयोगाने दाखविले आहे. मुलाने आपल्या आईचे अंग पुसणे यात कमीपणा कसला? ज्या पुरुषाने समतेची प्रतिज्ञा घेतली, त्याची परीक्षा सभेच्या व्यासपीठावर होत नाही. ती बाजेजवळ होते. आठवड्यातून एक अर्धा दिवस सुनेला सुटी मिळेल अशी पाळी घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी लावून घ्यावी.

विहार समित्यांनाही आमची विनंती आहे. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करण्यासाठी देशभरातून लाखो लोक पुणे जिल्ह्यात येतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे आले होते. त्या दिवशी स्वयंसेवक नेमणारी आपली संघटना उरलेल्या दिवसांत शिरूर तालुक्यातील पाच-सहा म्हाताऱ्यांच्या घरी दोन तरुण पाठवू शकणार नाही काय? त्यांनी औषध देऊ नये, निदान करू नये. त्यांनी अर्धा तास बसावे, ऐकावे, जेवण-झोपेची चौकशी करावी, गरज दिसल्यास १४४१६ ला फोन लावून द्यावा आणि आशाताईला कळवावे. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्राण ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात काम केले. रोग्याने आपल्याकडे यावे म्हणून त्या थांबून राहिल्या नाहीत.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असता त्यांनी त्याला पाहिले, स्वहस्ते धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी संघाला विचारले की, याची शुश्रूषा कोणी का केली नाही? उत्तर आले की, हा भिक्खू दुसऱ्यांच्या कोणत्याही कामी येत नाही, म्हणून. त्यावर, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असे भगवंतांनी बजावले. वाचकहो, ‘कामी येत नाही’ हेच ते कारण, ज्यासाठी आपल्या घरातील वृद्ध भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. आज सायंकाळी त्याच्या बाजेजवळ बसा आणि देवऋषी विचारीत असे तोच प्रश्न विचारा, ‘तुम्हाला काय होते आहे?’ फक्त या वेळी उत्तर नीट ऐका, आणि ते उत्तर घेऊन उद्या सकाळी उपकेंद्राची पायरी चढा.